कात्रीला मराठी येत नाही

कात्री हातात आली की माणसाचा स्वभाव बदलतो. एरवी घरातला उडालेला बल्ब बदलायला तीन आठवडे लावणारा, कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारा आणि बाजारातून कोथिंबिरीऐवजी मेथी घेऊन येणारा गरीब गृहस्थ हातात कात्री येताच एकदम कर्तबगार होतो. दिसेल ते त्याला जास्तीचं वाटायला लागतं. शिंप्याच्या हातात कात्री असते तेव्हा पुढ्यात मापाची वही असते. न्हाव्याच्या हातात असते तेव्हा समोर आरसा असतो आणि आरशात गिऱ्हाइकाचे भेदरलेले डोळे असतात. बागेच्या हौशी माणसापुढे मात्र माप नाही, आरसा नाही, आणि ज्याच्यावर कात्री चालते त्या झाडाला बोंब मारायची सोय नाही. त्यामुळे कुंड्यांतल्या झाडांवर दुर्लक्षाने जेवढा अन्याय झाला असेल त्याहून थोडा अधिकच नीटनेटकेपणाने झाला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. दुर्लक्ष करणारा निदान आपण दुर्लक्ष करतो हे कबूल तरी करतो. कात्रीवाला म्हणतो, ‘‘जरा साफ करतोय.’’

ही तक्रार मी सगळ्या झाडांच्या वतीने करत नाही. तेवढं मोठं वकीलपत्र माझ्याकडे नाही. मी बोलतो आहे ते किडे खाणाऱ्या झाडांबद्दल, आणि त्यातही त्यांच्या म्हाताऱ्या पानांबद्दल. आता तुम्ही म्हणाल, ‘‘गृहस्था, तू राहतोस बोदवडला. तुझा आणि असल्या झाडांचा संबंध काय?’’ प्रश्न रास्त आहे. भुसावळहून नागपूरच्या बाजूला निघालं की मलकापूरच्या अलीकडे आमचं गाव लागतं. आमच्याकडे कापूस होतो, उन्हाळा होतो आणि पाण्याची चर्चा होते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास रेंगाळतो, तेव्हा इथे माणसाने हिरवं राहणं हीसुद्धा एक हौसच असते. अशा गावात दलदलीत वाढणारी झाडं पाळणं म्हणजे उंटाला नावेत बसवण्यापैकी आहे, हे मला मान्य आहे. पण झालं असं, की पुण्याच्या भाच्याची बंगळुरूला बदली झाली. जाताना सोफा त्याने विकला, फ्रिज विकला, आणि जे कोणी विकत घेईना ते मामाला दिलं. त्या तीन कुंड्या होत्या.

पहिल्या कुंडीत व्हीनस फ्लायट्रॅप. हिच्या प्रत्येक पानाच्या टोकाला दातेरी कडांचा, शिंपल्यासारखा उघडा जबडा असतो. आत बारीक केस असतात. माशी त्या केसांना साधारण 20 सेकंदांच्या आत दोनदा शिवली की जबडा मिटतो. एकदाच शिवली तर मिटत नाही. वाऱ्याने उडालेला कचरा आणि जेवण यांतला फरक करण्याची ही तिची युक्ती आहे, आणि एका हाकेला दार उघडू नये हे आमच्या घरात मी गेली कित्येक वर्षं सांगतो आहे, ते ही मुकी वनस्पती आधीपासून पाळते. दुसऱ्या कुंडीत दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा. हा दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातला. पानावर तांबड्या केसांचं दाट रान आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. चिलट बसलं की चिकटलं. मग पान सावकाश त्याच्याभोवती गुंडाळी करतं. तिसरी घटपर्णी. हिच्या पानाच्या टोकाची शीर लांबते आणि तिला झाकणासकट एक सुरई लटकते. किडा आत घसरला की परत येत नाही.

तिन्ही कुंड्या ओसरीवर, कूलरच्या बाजूला स्थिरावल्या. या झाडांना बोअरचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्षारांनी मुळं मरतात. म्हणून पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी मी दोन पिंपांत धरून ठेवतो. त्यावरून, ‘‘माणसं नळाची वाट पाहत बसली आहेत आणि यांच्या माशीखाऊला पावसाचं पाणी!’’ असा टोमणा गल्लीतून अधूनमधून येतो. घरात ही म्हणते, ‘‘पाळा काय पाळायचं ते, पण श्रावणात तरी त्याच्या तोंडाला माशी लावू नका.’’ मी तिला समजावलं, की तोंडाला कोणी लावत नाही, गुळाच्या ढेपेचा माग काढत माशीच येते, आणि जबड्याला पंचांग कळत नाही. एका आषाढी एकादशीला तर त्या जबड्याने चांगली गांधीलमाशी धरली. त्या दिवशी आमच्या घरात उपवास न धरणारं तेवढं एकच होतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण कुंडी ओसरीवर ठेवली की ती सार्वजनिक होते. येणारा-जाणारा प्रत्येक जण आधी जबड्यात बोट घालून बघतो आणि मग एक पिवळं पान दाखवून म्हणतो, ‘‘हे काढून टाका हो. शोभा जाते.’’ आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. माणूस देव, पण आयुष्यभर मुलांची नखं तपासल्यामुळे त्यांना काहीही वाढलेलं, वाकलेलं, रंग उतरलेलं सहन होत नाही. ते खिशात नखं कापायची कात्री घेऊनच येतात आणि बोलता बोलता हात कुंडीकडे जातो. मी त्यांना चहा देतो तो आदरातिथ्य म्हणून नव्हे. दोन्ही हातांत कपबशी असली की कात्री धरता येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. ‘मेलेली पानं काढावीत’ या विधानाला माझा विरोध नाही. मेलेलं पान काढायलाच हवं, त्यात रडण्यासारखं काही नाही. माझं भांडण आहे ते मेलेलं कोणतं, हे कोण ठरवणार याबद्दल. आणि इथे आपली मराठी भाषा कात्रीपेक्षा फार शहाणी आहे. पानाच्या उत्तरायुष्यासाठी आपल्याकडे तीन वेगवेगळे शब्द आहेत : पिकलेलं, वाळलेलं आणि कुजलेलं. आपल्या आयाआज्यांनी हे शब्द उगीच तयार केलेले नाहीत. पिकलेलं म्हणजे पिवळं पडलेलं, वय झालेलं, पण अजून ओल असलेलं. वाळलेलं म्हणजे ओल संपलेलं, हाताला कुरकुर वाजणारं. कुजलेलं म्हणजे काळं, बुळबुळीत, वास मारणारं. तीन अवस्था, तीन शब्द, आणि तिघांशी वागण्याच्या तीन रीती. कात्रीला मात्र हिरवं आणि न-हिरवं एवढ्या दोनच जाती कळतात. कात्रीला मराठी येत नाही, ही माझी मूळ तक्रार.

पिकल्या पानाचं काय चाललेलं असतं, ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्याला वाटतं ते नुसतं लोंबकळत मरणाची वाट पाहतं आहे. वास्तविक त्या वेळी ते अत्यंत कामात असतं. पान पिवळं पडू लागतं ते झाड त्यातलं हरितद्रव्य मोडीत काढतं म्हणून. त्याच वेळी पानातला नायट्रोजन, फॉस्फरस आणि बाकीचा ऐवज देठातून मागे ओढला जातो आणि मधून येणाऱ्या कोवळ्या पानाच्या नावावर चढवला जातो. थोडक्यात, म्हातारं पान आपला फंड काढून नातवाच्या शिक्षणाला लावत असतं. हा व्यवहार काही दिवस, कधी काही आठवडे चालतो. पूर्ण झाला की पान आपोआप वाळतं. किडे खाणाऱ्या वनस्पतींच्या पानांची मोजमापं झाली आहेत. त्यांत असं दिसतं, की मरणाऱ्या पानातला निम्म्याहून कितीतरी अधिक नायट्रोजन त्या परत ओढून घेतात. आता अशा वेळी मध्येच कात्री लावणं म्हणजे म्हातारा बँकेच्या खिडकीशी उभा आहे, शिक्का पडला आहे, नोटा मोजून चालल्या आहेत, आणि कोणीतरी खिडकीच बंद करावी, तसं आहे.

गुलाबाचं किंवा जास्वंदीचं एक पिवळं पान तोडलं तर फारसं बिघडत नाही. त्यांच्या मुळाशी शेणखत असतं, वरून आणखी कोणीतरी चहाचा चोथा टाकतं. खाऊनपिऊन सुखी घरातली झाडं ती. किडे खाणारी झाडं मात्र मुळातच गरिबीत वाढलेली. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्याच्या शेवटी गेलात तर ही गरिबी डोळ्यांनी दिसते. काळ्या-तांबड्या जांभ्या दगडावर बोटभर मातीचा थर, आणि जे काही सत्त्व असेल ते पावसाने धुऊन नेलेलं. त्यात दवबिंदूच्या दोन जाती उगवतात, ड्रॉसेरा इंडिका आणि ड्रॉसेरा बर्मानाय. तिथली ती निळी-जांभळी ‘सीतेची आसवं’ फोटोत सगळ्यांनी पाहिलेली असतात. फुलाकडे पाहून कोणाला शंकाही येणार नाही, पण ओल्या मातीत बारीक फुग्यांचे सापळे लावून ती सूक्ष्म जीव पकडून खातात. 2012 साली पश्चिम घाटाची निवड जागतिक वारसा म्हणून झाली तेव्हा कासही त्या यादीत आलं, आणि तेव्हापासून तिथे फुलांइतकीच माणसं उमलतात. पण मातीच्या हिशेबात त्या पठाराची ऐपत वाढलेली नाही. मातीत काही नाही म्हणून या झाडांनी किडे धरायला सुरुवात केली. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी.

किडा खाल्ल्याने झाडाचं खरंच भलं होतं का, यावरही एके काळी शंका होती. चार्ल्स डार्विनला 1860 साली इंग्लंडच्या माळावर दवबिंदू दिसला आणि मग त्याने पुढची पंधरा वर्षं, बाकीची कामं सांभाळून, त्याच्या पानांना मांसाचे तुकडे, दूध, अंड्याचा पांढरा भाग असं काय काय भरवून पाहिलं. 1875 साली त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. पुढे 1878 साली त्याच्या मुलाने, फ्रान्सिसने, काही झाडांना खायला घातलं, काहींना उपाशी ठेवलं आणि दाखवून दिलं, की खाल्लेल्या झाडांना बी जास्त धरतं. बाप-लेकांनी मिळून एका चिमुकल्या रोपाला जेवू घालण्यात वर्षं काढली. आणि आपण त्याच रोपाने माशी माशी करून जमवलेली पुंजी शोभेसाठी कापून केराच्या टोपलीत टाकतो!

कात्रीवाल्यांचा दुसरा बळी म्हणजे न मिटणारा जबडा. फ्लायट्रॅपच्या एका जबड्याचं आयुष्य मोजकं असतं. काही थोड्या वेळा मिटला-उघडला की तो पुढे मिटेनासा होतो. त्यात पाहुण्यांनी बोटं घालून त्याला चार वेळा फुकट मिटवलेलं असतं, ते वेगळंच. मिटायला झाडाला शक्ती खर्च करावी लागते, आणि बोटाचा नायट्रोजन मिळत नाही. मग तोच पाहुणा म्हणतो, ‘‘हा बिघडलाय. काढून टाका.’’ अहो, बिघडला नाही, निवृत्त झाला! तो आता शिकार करत नाही, पण हिरवा आहे, आणि हिरवा आहे तोवर उन्हात बसून साधं पान जे काम करतं ते, म्हणजे सगळ्या झाडासाठी अन्न शिजवण्याचं काम, करतोच आहे. आजोबांचे दात पडले म्हणजे आजोबा गेले असं आपण मानत नाही. ते शेंगदाणे फोडू शकत नसतील, पण दळण आणतात, नातवाला शाळेत पोचवतात, आणि घरात कोणी नसलं तर दारावर कोण आलं होतं हे निम्मंअर्धं तरी सांगतात.

याच जातीतली तिसरी चूक घटपर्णीच्या बाबतीत होते. सुरई वाळली की लोक आख्खं पान देठापासून कापतात. वास्तविक सुरई म्हणजे पानाचं टोक. ती पानाच्या आधी वाळते. मागचं रुंद पान त्यानंतरही बराच काळ हिरवं असतं. वाळली ती सुरई कापा, पान ठेवा. आणि सुरई वरून तपकिरी, खालून हिरवी असेल तर तपकिरी तेवढीच कापा. खालच्या हिरव्या भागात अजून पचन चालू असतं. आपल्या देशात मेघालयातल्या डोंगरांत घटपर्णीची एकच जात आहे, नेपेंथिस खासियाना. गारो लोक तिला ‘मेमांग कोक्सी’ म्हणतात. अर्थ, भुताची टोपली. तिच्यासाठी दक्षिण गारो टेकड्यांत बाघमारा इथे राखीव जागा ठेवली आहे. भुताचीसुद्धा टोपली भरलेली असेपर्यंत तिला कोणी हात लावत नाही, एवढं लक्षात घ्यावं.

आता विरुद्ध पक्षाचे युक्तिवाद पाहू. पहिला युक्तिवाद ‘कापलं की फुटतं’ हा. गुरुजींचा हा आवडता सिद्धांत, आणि तो त्यांनी शाळेतही वापरून पाहिलेला असावा. मेंदी, मोगरा, बोगनवेल यांच्याबाबत तो खरा आहे. फांदी छाटली की खालचे डोळे फुटतात. पण फ्लायट्रॅपला फांदी नाही. जमिनीशी एक छोटासा कंद आणि त्याच्या मधोमध एक वाढीचा कोंब, एवढाच संसार. नवं पान तिथूनच येणार, आणि येणार ते खालच्या पानांनी पुरवलेल्या शिदोरीवर. बाजूचं पान कापल्याने कोंबाला हुरूप येत नाही, उलट त्याची रसद तुटते. कारकुनाला काढून टाकल्याने नवा साहेब लवकर येतो, असा अनुभव कोणत्याही कचेरीत नाही.

दुसरा पक्ष याच्या उलट टोकाचा. हे निसर्गवादी. ते म्हणतात, ‘‘काहीच कापू नका. रानात कोण कात्री घेऊन फिरतं?’’ ऐकायला हे फार गोड वाटतं, आणि कष्ट वाचत असल्यामुळे पटतंही लवकर. पण रानात कोणी कापत नाही हे खरं नाही. फ्लायट्रॅपचं माहेर अमेरिकेत, उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनारी भागात. जगात दुसरीकडे कुठेही ती आपली आपण उगवत नाही. तिथल्या पाइनच्या विरळ रानात अधूनमधून वणवा फिरतो. वाळलेलं गवत, मेलेली पानं, झुडपं सगळं जळून जातं. जमिनीतला कंद वाचतो, आणि डोक्यावरची सावली गेल्यामुळे पुन्हा जोमाने वर येतो. वणवे विझवत राहिलं तर गवत माजतं आणि फ्लायट्रॅप सावलीत गुदमरते. म्हणजे तिथला माळी आग आहे. आपल्या कासच्या ड्रॉसेरा इंडिकाची तऱ्हा निराळी : ते एका हंगामाचं रोप. पठार सुकलं की पानांसकट आख्खंच वाळतं आणि बी मागे ठेवून जातं. तिथला माळी ऋतू आहे. कुंडीत मात्र ऋतू अर्धवट आणि आग अजिबात नाही. तेव्हा ते काम आपल्याला करावं लागतं. निसर्गाचं नाव सांगून आळस करणाऱ्यांनी ओसरीवर वणवा लावण्याची तरी तयारी ठेवावी.

म्हणून आता तिन्ही शब्दांचे तीन नियम सांगतो. भांडण करणाऱ्याने पर्यायही द्यावा, अशी आमच्या गल्लीची पद्धत आहे.

कुजलेलं पान त्याच दिवशी काढावं. आमच्या त्या एकादशीच्या गांधीलमाशीचंच उदाहरण घ्या. माशी जबड्याच्या मानाने मोठी, तिचं बूड बाहेर राहिलं, जबडा पुरता मिटेना, फटीतून जंतू शिरले आणि चार दिवसांत जबडा काळा पडून पाझरायला लागला. तिथे दयामाया कामाची नाही. ती सड देठातून कंदाकडे उतरण्याआधी जबडा कापला, कात्रीचं पातं आधी आणि नंतर स्पिरिटने पुसलं. झाड वाचलं, आणि पुढच्या महिन्यात तिथे दोन नवे जबडे उघडले. पावसाळ्यातल्या कुबट हवेत करडी बुरशी अशाच मेल्या भागावर आधी बसते आणि मग जिवंत भागाकडे वळते. तेव्हा कुजलेल्याला माफी नाही.

वाळलेलं पान सवडीने काढावं. आमच्या उन्हाळ्यात त्याची घाई नसते, कारण मे महिन्यात बोदवडला काही कुजत नाही, सगळ्याचा पापड होतो. पण मृगाचा पाऊस यायच्या आत ते निघालेलं बरं. मधल्या कोंबावर त्याची सावली पडत असेल तर आधी. ओढायचं नाही. ओढलं तर पानाबरोबर कंदच हातात येतो आणि मग तो हातात धरून ‘‘आता काय करायचं?’’ असं एकमेकांना विचारत बसावं लागतं. बुडाशी थोडा देठ ठेवून कापायचं. केपचा दवबिंदू आपली वाळलेली पानं खोडाभोवती धोतरासारखी नेसून उभा असतो. ते कोरडं असेल तर राहू द्या, ओलं राहून त्याला बुरशी धरायला लागली की सोडवा.

आणि पिकलेलं पान? त्याला हात लावायचा नाही. बस्स.

हे शहाणपण मी कुठल्या परदेशी ग्रंथातून आणलं, असा समज होऊ नये. रावेर-यावलचा कुठलाही केळीवाला हेच करतो. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं; ते काही पानं जपून ठेवल्याबद्दल मिळालं नाही आणि ओरबाडून काढल्याबद्दलही नाही. वाळून लोंबणारं पान तो कापतो. करपा आला तर पानाचा करपलेला तेवढा तुकडा कापतो आणि उरलेलं हिरवं तसंच ठेवतो, कारण घड पोसायचा आहे तो त्या हिरव्यावर. त्याच्या हातातला कोयता एवढा मोठा, पण त्याला पिकलेलं आणि करपलेलं यांतला फरक कळतो. आमच्या नखं कापायच्या कात्रीला कळत नाही. आमच्याकडे भाजी घेऊन एक आजी येतात. एकदा गुरुजींचा हात कुंडीकडे चाललेला पाहून त्यांनी पाटी खाली न ठेवताच विचारलं, ‘‘काहून तोडता भाऊ? अजून ओलं हाये ते. ओलं हाये तोवर ते झाडाचं हाये. वाळलं की मंग तुमचं.’’ डार्विन बाप-लेकांनी एवढं करूनही हे इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. गुरुजींनी कात्री खिशात घातली आणि गवारीचा भाव विचारला.

एवढ्याशा पानासाठी एवढा तंटा कशाला, असं कोणी म्हणेल. माझं म्हणणं, तंटा पानासाठीच आहे, पण पानाजवळ थांबत नाही. ज्याची शोभा गेली त्याचं काम संपलं, ही समजूत एकदा हाताला लागली की हात कुंडीपुरता राहत नाही. कचेरीत अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाकडे त्याच नजरेने पाहतात. त्याला सगळ्या जुन्या फायली तोंडपाठ असतात, नव्या पोराला तो त्या शिकवत असतो, म्हणजे फंडाचा व्यवहार चालू असतो. पण शेवटच्या महिन्यात त्याचं टेबल जिन्याखाली हलवतात. का, तर नवं फर्निचर आलं. मग सहा महिन्यांनी तीच नवी पोरं एक फाईल सापडत नाही म्हणून त्याच्या घरचा पत्ता शोधत येतात. पिकल्या पानाला घाई करून कापलं की नुकसान त्या पानाचं नसतं. ते तसंही जाणारच असतं. नुकसान असतं मधल्या कोवळ्या कोंबाचं. ते त्या दिवशी दिसत नाही. पुढच्या हंगामात कोंब बारीक राहतो आणि आपण म्हणतो, ‘‘हल्लीच्या झाडांत पूर्वीचा जोम नाही.’’

तेव्हा ज्यांच्या घरी अशी कुंडी असेल त्यांना एकच सूचना. पान पिवळं दिसलं आणि हात शिवशिवायला लागला, तर त्या पानाच्या देठाला एक पांढरा दोरा सैलसर बांधा आणि आठ दिवस थांबा. आमच्या गावात कापूस होतो, दोऱ्याला तोटा नाही. आठ दिवसांनी पान बोटांत धरून पाहा. ओलं असेल तर आणखी आठ दिवस. कुरकुर वाजलं तर कापा, खुशाल कापा, आणि कुंडीपासून लांब टाका. मधल्या काळात कात्री कुठे ठेवावी, असा प्रश्न पडेल. आमच्याकडे ती हिने तांदळाच्या डब्यात लपवून ठेवली आहे. मला जागा ठाऊक आहे. गुरुजींना कळू देऊ नका.